पातं उलटं फिरतं तेव्हा

सुपर एट फिल्मवर टिपलेल्या गायरोप्लेनच्या जुन्या घरगुती चित्रणात एक क्षण हमखास येतो. डोक्यावरचं पातं सुलट फिरता फिरता अडखळतं, जागच्या जागी थरथरतं आणि उलटं फिरू लागतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. खरं तर तिथे सगळं जुळून आलेलं असतं. तो कॅमेरा सेकंदाला अठरा चौकटी घेतो. पातं दोन पाकळ्यांचं असतं आणि दोन्ही पाकळ्या दिसायला सारख्या. मिनिटाला २७० फेरे ओलांडले की एका चौकटीपासून दुसरीपर्यंत पाकळी पाव फेऱ्याहून जास्त सरकते. मग आपला डोळा पुढे गेलेली पाकळी सोडतो आणि मागून येणारी धरतो. ती पहिलीच्या जागेच्या किंचित मागे असते, म्हणून पातं उलटं फिरल्यासारखं दिसतं. हलक्या गायरोप्लेनला हवेत राहायला मिनिटाला साधारण तीनशे ते चारशे फेरे लागतात. म्हणजे पडद्यावर पातं उलटं वळलं की समजावं, जमीन सुटण्याइतका जोर आता भरत आला. हे कोणी ठरवून टिपलेलं नसतं. कॅमेरा धरणाऱ्याला याची कल्पनाही नसते. तरीही उड्डाणाची वर्दी त्या चित्रणात आपोआप उमटलेली असते, आणि एकदा ती ओळखता आली की अशी फीत पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते.

मला या फितींची ओढ आहे. त्या पाहताना काय पाहायचं, ते आज लिहितो.

आधी यंत्राबद्दल थोडं. गायरोप्लेन हेलिकॉप्टरसारखं दिसतं, पण त्याची रीत अगदी वेगळी. हेलिकॉप्टरमध्ये डोक्यावरचं पातं इंजिन फिरवतं. गायरोप्लेनमध्ये इंजिनाचा पंखा यंत्राला फक्त पुढे ढकलतो, आणि किंचित मागे कललेल्या पात्यातून खालून वर जाणारी हवा त्या पात्याला फिरवत ठेवते. आपल्या सह्याद्रीतल्या माधवीलतेचं तीन पंखांचं फळ गळताना गरगरतं आणि म्हणून सावकाश खाली येतं, तसंच हे. इंजिन बंद पडलं तरी पातं फिरतंच राहतं आणि यंत्र हळूहळू उतरतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने हे साधलं. १९१९ मध्ये त्याचं तीन इंजिनांचं विमान वेग मंदावल्यामुळे कोसळलं, आणि वेग गेला तरी पडणार नाही असं काहीतरी करायचं त्याने मनावर घेतलं. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ त्याचं सी-४ हे यंत्र उडालं. पुढे जाणारी आणि मागे येणारी पाकळी सारखा भार उचलत नाहीत, त्यामुळे यंत्र एका अंगाला उलटतं, ही त्याची मोठी अडचण होती. पाकळ्यांच्या मुळाशी बिजागरी बसवून त्यांना वरखाली हलायची मोकळीक दिल्यावर ती सुटली. सप्टेंबर १९२८ मध्ये सी-८ घेऊन त्याने इंग्लिश खाडी ओलांडली. १९३६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रॉयडनहून धुक्यात उडालेलं प्रवासी विमान कोसळलं, त्यात तो गेला.

सिएर्वाच्या उड्डाणांचं चित्रण वृत्तपटवाल्यांनी केलं. ते नेटकं आहे, कॅमेरा तिवईवर स्थिर आहे, टोप्या घातलेले पाहुणे ओळीने उभे आहेत. त्यात माहिती भरपूर, जीव कमी. कॅमेरा कुणातरी नातेवाइकाच्या हातात गेला तेव्हा त्यात जीव आला. त्यासाठी यंत्रही घरात बसेल इतकं लहान व्हावं लागलं. ते काम इगोर बेन्सेनने केलं. रशियात जन्मलेला हा अमेरिकन अभियंता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये राउल हाफनरने एका माणसाला उतरवण्यासाठी बनवलेल्या पात्याच्या छत्रीचा त्याने अभ्यास केला आणि अॅल्युमिनियमच्या नळ्या, एक खुर्ची, तीन चाकं आणि एक पातं एवढ्यावर उडता येतं हे दाखवून दिलं. त्याचं बी-७ एम हे इंजिनाचं यंत्र डिसेंबर १९५५ मध्ये उडालं. पाठोपाठ आलेल्या बी-८ चे आराखडे आणि सुटे भाग तो विकत असे, आणि लोक ते आपापल्या गॅरेजमध्ये जोडत. इंजिन बहुधा मॅककुलॉकचं, मुळात तोफांच्या सरावासाठी उडवायच्या बिनमाणसांच्या विमानासाठी घडवलेलं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या त्रेसष्टाव्या वर्धापनदिनी, १७ डिसेंबर १९६६ ला, बेन्सेनने किटी हॉकला स्वतः उडून त्यांच्या उड्डाणाचा माग पुन्हा काढला.

आराखडा विकत घेऊन घरी यंत्र जोडणारा माणूस ते पहिल्यांदा बाहेर काढतो तेव्हा सोबत कोण असतं? बायको, भाऊ, शेजारी, एखादं पोर आणि त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातात कॅमेरा.

१९६५ मध्ये कोडॅकने सुपर एट आणली. पन्नास फुटांचं रीळ, सेकंदाला अठरा चौकटींच्या हिशेबाने तीन मिनिटं वीस सेकंद चालणारं. रीळ महाग, धुऊन आणायला वेगळा खर्च. त्यामुळे कॅमेरावाला कंजूष झालेला असतो. यंत्र धावू लागेपर्यंत तो बटण दाबत नाही. फितीत एकदम धाव, एकदम उडी, लगेच दुसरी उडी. मधलं सगळं गळालेलं. आवाज बहुधा नाही, म्हणून इंजिनाचा सूर नाही, कुणाचं ओरडणं नाही. जे दिसतं ते फार सुंदर असतं, कारण त्या फिल्मचा रंग आणि तिचे कण वेगळेच आहेत. पण पाहणारा कायम उशिरा पोचलेला असतो.

मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन गोष्टी जवळजवळ एकदमच झाल्या, आणि माझ्या मते या फितींचं वैभव त्या योगायोगात आहे. १९८२ मध्ये अमेरिकेने अल्ट्रालाइटचा नियम केला. इंजिनाचं यंत्र रिकामं २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारे ११५ किलोंहून हलकं असेल, टाकीत पाच गॅलनच इंधन मावत असेल आणि वेगाची मर्यादा पाळली असेल, तर परवान्याशिवाय उडता येऊ लागलं. मार्टिन हॉलमन या अभियंत्याने त्या मापात बसणारं बंबल बी हे एका माणसाचं गायरोप्लेन तयार केलं. पहिलं अल्ट्रालाइट गायरोप्लेन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आणि १९८३ मध्ये सोनीने खांद्यावर धरायचा पहिला घरगुती कॅमकॉर्डर बाजारात आणला. कॅसेट तासन्‌तास चालणारी, पुसून पुन्हा वापरता येणारी, आवाजासकट. कंजुषी संपली. आता कॅमेरा आधी सुरू होऊ लागला आणि उशिरा बंद होऊ लागला. जे सुपर एटमध्ये गळत होतं, तेच कॅसेटवर भरून राहिलं, आणि ती भर म्हणजे वाट पाहणं.

अशा बऱ्याच फिती पाहिल्या की त्यांची मिळून एक फीत मनात तयार होते. तीच इथे वाचतो.

मोकळी धावपट्टी. खालच्या कोपऱ्यात तारीख. चित्राच्या तळाशी कॅसेटची पांढरी रेघ सळसळते आहे. माइकवर वाऱ्याचा फडफडाट. माणूस खुर्चीत बसलेला, पट्टा आवळलेला. तो हात वर करून पाकळी ढकलतो. एकदा, दोनदा, दहादा. हात सपाट, बोटं जुळवलेली, पाकळीच्या मागच्या कडेला नुसती टेकवलेली. पाकळी जाते, दुसरी येते, ती तो पुन्हा त्याच मापाने पुढे लोटतो. चेहऱ्यावर कसलाही आविर्भाव नाही. पातं हळूहळू चालू लागतं. काही यंत्रांना पातं आधी फिरवून देणारी जोडणी असते, तिथे हे दृश्य नाही आणि मला ते चुकल्यासारखं होतं. मग दोन स्ट्रोकच्या इंजिनाचा किरकिरा सूर चढतो आणि यंत्र चालू लागतं, अगदी पायी चालणाऱ्याच्या वेगाने. पात्यात पुरेसा जोर भरलेला नसताना वेग घेतला तर पाकळ्या वाऱ्यावर वरखाली आपटू लागतात, शेपटीला किंवा जमिनीला लागून तुटतात. म्हणून तो घाई करत नाही. पात्याच्या मनाने चालतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीत एका ओळखीच्यांच्या घरी भिंतीवर प्रोजेक्टर लावून मी अशीच एक फीत दाखवली. गळीत हंगाम सुरू होता, रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यांचा आवाज फितीतल्या इंजिनात मिसळत होता. पोरं कंटाळली. त्यांतलं एक म्हणालं, "तात्या, ह्यो कवा उडणार?" तात्या म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, साखर कारखान्यातल्या टर्बाइनशी सगळा जन्म गेलेला. त्यांची नजर त्या माणसाच्या हातावर होती. म्हणाले, "त्यो अजून उडायला बसलेलाच न्हाई. पातं भरायला बसलाय. हात बघ की कसा लावतोय. जोर देत न्हाई, नुसतं चाललेल्याला लावून देतोय. बेअरिंग मोकळं हाय का त्ये बी हाताला कळतंय त्याच्या." आणि मग पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं, आता नाक उचलेल, आता मागच्या दोन चाकांवर चालेल. गायरोप्लेन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. फिरणारं काहीतरी हळूहळू वेगात आणायचं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी ती फीत माझ्याहून चांगली वाचली.

नाक उचलणं ही या फितीतली सर्वांत देखणी जागा. पुढचं चाक सुटतं, मागची दोन जमिनीवर राहतात आणि यंत्र त्या दोहोंवर तोल सांभाळत धावत राहतं. उडायचं शिकणारे याच अवस्थेत तासन्‌तास घालवतात, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे उडणं नव्हे आणि धावणंही नव्हे. पडद्यावर कितीतरी वेळ तेच चालू असतं, आणि पाहणाऱ्याने इथे चाकाखालच्या सावलीकडे पाहावं. यंत्र उठलं की नाही, ते चाकावरून कळत नाही. चाक आणि त्याची सावली यांच्यात उजेडाची फट पडली की कळतं. ती फट आधी येते, जाते, पुन्हा येते. फूटभर. मग गुडघ्याइतकी. मग सावली बाजूला सरकून एकटीच पळू लागते. पहिल्या उड्या अशाच असतात, आणि त्या मोजायला वर नव्हे, खाली पाहावं लागतं.

मग कॅमेऱ्याचं काम येतं. यंत्र आभाळाच्या पुढ्यात गेलं की भिंगाचं आपोआप चालणारं छिद्र उजेडाला घाबरून आकसतं आणि माणूस एकदम काळा होतो. चेहरा गेला, कपड्यांचा रंग गेला, उरली नळ्यांची रेघ आणि वर धूसर थाळी. मघाशी जो अमुकचा नवरा, तमक्याचा भाऊ होता, तो आता कुणीही झाला. हे कुशल छायाचित्रकाराने केलं असतं तर आपण त्याची तारीफ केली असती. इथे यंत्राच्या स्वभावातून आलं म्हणून ते कमी देखणं होत नाही.

आणि त्यानंतर बहुतेक वेळा कॅमेरा त्याला हरवतो. रिकामं आभाळ. कॅमेरा इकडे वळतो, तिकडे वळतो. इंजिनाचा आवाज कुठून तरी येतोच आहे. कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, कधी "कुठे गेला?" असे दोन शब्द. संकलकाच्या हाती ही फीत दिली तर तो पहिल्यांदा हेच कापेल. मी ते जपलं असतं. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पोटातला गोळा दुसऱ्या कुठल्याच जागी इतका उघडा पडत नाही.

जाणत्या डोळ्याला त्यात धोकाही दिसतो. बेन्सेनच्या काळातल्या यंत्रांना मागे उभं सुकाणू असे, पण आडवी शेपटी फारशी नसे. हवेत नाक किंचित वर जातं, चालक दांडा पुढे लोटतो, नाक जास्त खाली जातं, तो मागे ओढतो, ते जास्त वर येतं. फितीत हे डुलणं स्पष्ट दिसतं. दांडा जास्त पुढे गेला तर पात्यावरचा भार उतरतो, त्यातून हवा खालून वर जाईनाशी होते, आणि मग ते यंत्र सावरत नाही. कित्येक माणसं या डुलण्यात गेली. पुढच्या यंत्रांना आडवी शेपटी आली, ती हे धडे घेऊनच. म्हणून जुन्या फितीतलं ते डुलणं मी नुसतं छान म्हणून पाहू शकत नाही.

उतरणं झटकन होतं. नाक वर, पंखा मंद, यंत्र टेकतं आणि दोनचार पावलांत थांबतं. पण फीत थांबत नाही, आणि इथे कॅसेटचे उपकार मानावे तेवढे थोडे. पातं अजून फिरतंय. वाऱ्याचा झोत आला तर मंदावलेली पाकळी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येऊ शकते, म्हणून जवळ जायचं नाही. सगळे उभे आहेत, धावत जायच्या बेतात, आणि कुणीतरी पोराचा दंड धरून ठेवला आहे. खुर्चीतला माणूस हसतोय पण उठत नाही. पातं सावकाश, फारच सावकाश थांबतं. उडी काही सेकंदांची आणि ही वाट काही मिनिटांची. एवढ्या आनंदाने नुसतं उभं राहिलेली माणसं मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाहीत.

चित्रण हाताशी नसलं की काय होतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगितलं जातं. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ ला, आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात धरली ती १८९९ मध्ये. चौपाटीवर त्या दिवशी कॅमेरा नव्हता. त्यामुळे तळपदे हा अभिमानाचा किंवा टिंगलीचा विषय होऊन बसला. त्यांनी लाकूड कसं जोडलं, हात कुठे लावला, यंत्र हललं तेव्हा कोण कुठे उभं होतं, हे कुणी विचारत नाही, कारण दाखवायला काही नाही. एक हललेली, अर्धवट फीत असती तरी तो माणूस आपल्याला मिळाला असता, उडाला असो वा नसो. आणि आपल्या कोल्हापुरात तर बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः घडवला आणि १९२० ला 'सैरंध्री' पडद्यावर आणला. या मुलखात हाताने यंत्र घडवणं आणि चित्रण करणं या एकाच घरातल्या गोष्टी होत्या.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तरीही गोष्ट अर्धीच राहते. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. मोबाइलवरचं ते चित्रण देशभर फिरलं. फिरली ती शेवटची काही सेकंदं. त्याआधी त्याने पत्रा कसा कापला, इंजिन कसं बसवलं, कितीदा ते सुरूच झालं नाही, हे कुणी पुढे पाठवलं नाही. त्या सेकंदांवर लोकांनी त्याला वेडा ठरवलं किंवा थोर ठरवलं. मला दोन्ही सारखेच अन्यायाचे वाटतात. उलट कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान जोडणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांचं काम लोकांना पटलं ते गच्चीवरच्या त्या लांबलेल्या वर्षांमुळे. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते विमान ठेवलं गेलं, उड्डाणाची परवानगी २०१९ ला आली. त्या गच्चीवरचं रोजचं, कंटाळवाणं चित्रण कुणी सलग दाखवलं तर मी रात्र जागून पाहीन.

धंदेवाईक सिनेमानेही गायरोप्लेन घेतलं आहे. जेम्स बाँडच्या १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मधलं 'लिटल नेली' सर्वांना आठवत असेल. ते ब्रिटनच्या केन वॉलिसने बनवलं आणि तोच ते उडवत होता. पडद्यावरच्या साडेसात मिनिटांसाठी त्याने ८५ उड्डाणं केली, हवेत ४६ तास घालवले. प्रसंग झकास आहे. पण त्यात पातं भरायची किंवा थांबायची वाट कुणी पाहत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असं काही असेल, गायरोप्लेनचं नसेना का, पहिल्या ट्रॅक्टरचं, पहिल्या बोअरच्या पाण्याचं, कारखान्याच्या पहिल्या मोळीचं, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कॅसेटवर बुरशी चढायच्या आत ती संगणकावर उतरवून घ्या. लोकांना दाखवताना अख्खी दाखवा. वाऱ्याची फडफड काढून त्यावर गाणं घालू नका. रिकामं आभाळ कापू नका. मागे कोण बोलतंय, दंड कुणी धरला, हे आठवत असेल तर ते सांगणारं माणूस हयात आहे तोवर लिहून ठेवा. बिद्रीतल्या त्या दिवसानंतर तात्यांनी कारखान्यातल्या एका जुन्या समारंभाची कॅसेट माळ्यावरून काढली. चालू होते का ते आता येत्या रविवारी बघायचं आहे.